ओलं बाळवेखंड

लिंबेवाडीच्या एसटी थांब्यावर सकाळी फ्लेक्स लागला आणि दुपारच्या भाकरीपर्यंत गावात बातमी पसरली, की सुंदररावांनी दुसरी केली.

बातमीला बूड लागतं म्हणतात, आणि हिला ते चांगलं भरभक्कम होतं. फ्लेक्स दोन माणसं उंच होता. वरच्या अंगाला साहेब लोक गोल गोल चौकटींत बसलेले, कोपऱ्यात हात जोडलेले सुंदरराव, आणि मधोमध, साहेबांनाही जरा सरकवून, एक गोरीपान बाई. गालावर डाग नाही, डोळ्यांखाली सुरकुती नाही, ओठ गुलाबी. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं : सरपंचपदाच्या उमेदवार सौ. विमलबाई. शेजारी शिलाई मशीनचं चिन्ह.

आता विमलबाई या घरात सून म्हणून आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. गावातलं शेंबडं पोरही त्यांना ओळखत होतं. सावळा रंग, ठसठशीत कुंकू, आणि दोन्ही गालांवर नि नाकाच्या शेंड्यावर काळसर वांग. धाकट्याच्या बाळंतपणात तो आला आणि मग पाहुण्यासारखा न जाता घरजावयासारखा राहिला. फ्लेक्सवरच्या बाईच्या तोंडावर वांगाचा ठिपकाही नव्हता. तेव्हा गावानं सरळ हिशोब मांडला : ही ती नव्हे. ती नव्हे तर दुसरी. मग नाव तेच कसं? तर नाव मुद्दाम तेच ठेवलं, म्हणजे कागदोपत्री भानगड नको. सुंदरराव दोनदा सरपंच झालेला माणूस, त्याला काय अवघड आहे?

या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा सुंदररावांना पहिले दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मग त्यांना आठवलं की आपल्या घरात एक बायको आहे. सूनही होती, सायली, पण तिचं नाव अजून माहेरच्या मतदारयादीत होतं. मग विमलबाईंना चुलीपुढून उठवून आष्टीला तहसीलमध्ये नेलं. जाताना गाडीत सांगितलं, "तू निस्ती सही कर अन् हात जोड. बाकी मी हाय की." विमलबाईंनी सही केली आणि हात जोडले. पण प्रचाराला म्हणून घराबाहेर पडल्या आणि त्यांना ते आवडायला लागलं. दारोदार बसायचं, चहा घ्यायचा, कुणाच्या हापशाला पाणी येत नाही, कुणाच्या सुनेचं रेशन अडलंय, हे ऐकायचं. ऐकता ऐकता त्या मनाशी म्हणायला लागल्या, की हे काम आपल्याला जमेल. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण रात्री भांडी घासतानाही त्यांच्या डोक्यात तो हापसाच असायचा.

फ्लेक्सची बातमी त्यांना कळली ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. सरस्वतीबाई म्हणजे त्या वस्तीची म्हातारी धनीणच. तिनं 'हो' म्हटलं की पंधरा उंबरे हो म्हणायचे. विमलबाई पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "काकू, औंदा मशीनवर ध्यान असू द्या."

सरस्वतीबाईनं त्यांचा हात हातात घेतला आणि डोळ्याला पदर लावला. "इमल, तुझं काळीज लई मोठं हाय गं. सवतीसाठी मतं मागत फिरतीस!"

"कुणाची सवत?"

"झाक, झाक. नवऱ्याची अब्रू झाक. आमीबी तेच केलं आयुष्यभर."

विमलबाईंना आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि हसावं की रडावं ते कळेना. त्या म्हणाल्या, "अवो काकू, ती मीच हाय. फोटू माझाच हाय." तर म्हातारी आणखीच हुंदके द्यायला लागली. शेजारच्या सुनितानं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "मामी, तुमी लाख सांगा, पर आमी त्या बयेला मत देणार न्हाई. तुमचा तळतळाट घेऊन ती सरपंच व्हणार? आमी सगळ्या समोरच्या वनमालाला मत देणार. तुमच्यासाठीच देणार."

म्हणजे बघा, विमलबाईंवर माया होती म्हणून वस्ती विमलबाईंना पाडणार होती. अशी निवडणूक कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दुसऱ्या दिवशी चौसाळ्याहून जीप आली. जीपमधून विमलबाईंचा भाऊ तानाजी उतरला आणि त्याच्यामागे चार तगडे गडी उतरले. चहाला नको म्हणाला, पाणीही घेतलं नाही. "दाजी, कुठाय ती?"

"कोण?" सुंदरराव दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला फेस.

"फ्लेक्सवरची."

तानाजीनं माजघर बघितलं, न्हाणी बघितली, सोयाबीनच्या पोत्यांमागं डोकावून बघितलं. शेवटी विमलबाईच पुढं झाल्या, भावाला हाताला धरून थांब्यावर घेऊन गेल्या, फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाक बघ. हनुवटीवरचा तीळ बघ. आपल्या आईचाच तीळ हाय का न्हाई?" तानाजीनं एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. तीळ जुळला. मग तो एवढा मोठ्यानं हसला की पानटपरीवरची माणसं उठून उभी राहिली. पण टपरीवरच्यांना तीळ कोण दाखवणार? त्यांना एवढंच दिसलं, की मेहुणा जीप घेऊन भांडायला आला होता. म्हणजे बातमी पक्की.

या सगळ्यात विमलबाईंना एक गोष्ट खुपली. तानाजी "फ्लेक्सवरची" म्हणाला तेव्हा सुंदररावांच्या फेसाआडून हसू फुटलं होतं. कुणी आपल्याला आंब्याच्या झाडाचा मालक समजावं आणि आपण नाही म्हणायला जरा उशीर करावा, तसलं ते हसू. त्या हसण्यानं विमलबाईंना जे वाईट वाटलं, ते अख्ख्या गावाच्या बोलण्यानं वाटलं नव्हतं.

फ्लेक्स करणारा आदिनाथ कडा गावाहून आला. त्याचं दुकान साखर कारखान्याच्या रस्त्यावर होतं आणि तालुक्यातले निम्मे वाढदिवस त्याच्या हातून गोरे होऊन निघायचे. तो म्हणाला, "मी लई कमी मारलाय फिल्टर, दादा. बाकीचे तर मला आजून मार म्हनत्यात. बदलायचा का? आज सांगा, उद्या लावतो."

विमलबाई म्हणाल्या, "बदला."

सुंदरराव म्हणाले, "खबरदार. आता बदलला तर समोरचे म्हनतील, दुसरी पळून गेली." आणि हनुवटी खाजवत त्यांनी निकाल दिला, "फोटू न्हाई बदलायचा. तोंडच फोटूसारखं करायचं. सहा दिवस हायत. काय तरी लावा हिच्या वांगाला."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. पण घरात सायली होती, आणि सायलीच्या हातात फोन होता. तिनं सगळं धुंडाळून सांगितलं, की वांगाला बाळवेखंड लावतात. एवढंच नाही, तर तिनं पुण्याच्या रोपवाटिकेतून आणून न्हाणीमागं कुंड्यांत लावलेलं जांभळ्या फुलांचं आयरिस आहे ना, त्याचीच मुळी म्हणजे बाळवेखंड. सोलायची, वाळवायची आणि वर्षानुवर्षं ठेवायची. जितकी जुनी तितका वास गोड. "आत्याबाई, परदेशात म्हनं ह्याचं अत्तर व्हतं. सोन्याच्या भावानं इकत्यात. केसाला लावायच्या पावडरीत बी घालत्यात."

"आपल्याकडं पोरांच्या घुटीत घालत्यात," विमलबाई म्हणाल्या.

बाळवेखंड त्यांना परकं नव्हतं. त्यांच्या आईच्या लाकडी डब्यात, हळकुंड आणि जायफळाशेजारी, एक पांढरट गाठाळ तुकडा कायम असायचा. बाळाला कफ झाला की सहाणेवर दोन वळसे. दात येताना पोर किरकिरायला लागलं की तोच तुकडा धुऊन त्याच्या मुठीत द्यायचा, पोर तासभर चावत बसायचं. दिवाळीच्या उटण्यात थोडी पूड पडायची आणि दंतमंजनातही. बीडच्या जुन्या बाजारात एक काष्ठौषधीवाले होते, त्यांच्याकडं युनानी औषधंही मिळायची. ते याला इरसा म्हणायचे. विमलबाईंनी तीन पोरांना, दोन नातवंडांना आणि अर्ध्या भावकीच्या लेकरांना हा तुकडा उगाळून दिला होता. स्वतःच्या तोंडाला लावायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

सायलीनं बीडहून वाळलेली मुळी मागवली. विमलबाई सहाण घेऊन ओसरीवर बसल्या. दुधात हळूहळू मुळी फिरायला लागली आणि वास सुटला. फार गोड नाही, फार उग्र नाही, नव्या लुगड्याची घडी मोडावी तसा. सायलीनं तो लेप त्यांच्या गालांवर लावला. थंडीचं कोवळं ऊन होतं, अंगणात कोंबड्या टिपत होत्या, आणि विमलबाई डोळे मिटून गप्प पडून राहिल्या. आपण आज स्वतःसाठी काहीतरी उगाळलं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना चक्क लाज वाटली. मग लाज गेली आणि मजा वाटली. दोन दिवस त्यांनी तो लेप लावला. कातडी मऊ झाली, तोंडाला वास येऊ लागला, धाकटा नातू सारखा गालाला गाल घासायला लागला. वांग मात्र होता तिथंच होता.

सुंदररावांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोला उजेडात उभं करून तपासलं, बाजारात बैल तपासावा तसं. "काय बी फरक न्हाई."

"दोन दिवसांत काय व्हतंय मामा? सहा सहा महिने लावत्यात लोक," सायली म्हणाली.

"सहा महिन्यानं इलेक्शन हाय का?" सुंदरराव तडकले. आणि मग त्यांच्या डोक्यात तो विचार आला, जो शेतकऱ्याच्याच डोक्यात येऊ शकतो. सुंठीपेक्षा आलं झणझणीत. हळकुंडापेक्षा ओली हळद जखमेला चांगली. वाळल्या शेंगेपेक्षा ओली शेंग गोड. मग वाळून खडंग झालेल्या मुळीत काय जीव राहणार? जीव तर ओल्या मुळीत. आणि ओली मुळी न्हाणीमागं कुंडीत उभी आहे.

सकाळी सायली बायकांबरोबर वस्तीवर गेली होती. सुंदररावांनी खुरपं घेतलं, कुंडीतलं झाड उपटलं, जाडजूड कांडं धुतलं, किसणीवर किसलं आणि वर अर्धं लिंबू पिळलं. वाटी घेऊन स्वतः विमलबाईंसमोर आले.

विमलबाईंनी वाटी नाकाशी नेली. गोड वास सोडा, कसलाच वास नव्हता. कच्च्या बटाट्यासारखं काहीतरी, मातकट. पोरांना इतकी वर्षं घुटी देणाऱ्या बाईला तिथंच कळायला पाहिजे होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण या माणसानं तीस वर्षांत त्यांना कधी पाण्याचा तांब्या भरून दिला नव्हता, तो आज किसून वाटी घेऊन उभा होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती. फ्लेक्सवरची ती बाई एकदा तरी आरशात दिसावी, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं. लोक म्हणतात मोह तरुणपणी असतो. तसलं काही नाही.

त्यांनी लेप लावला आणि आडव्या झाल्या. पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या. मग मुंग्या आल्या. मग आग आग व्हायला लागली. "हितं पेटलंय," त्या उठून बसल्या, तर सुंदरराव म्हणाले, "पेटलं म्हंजे काम सुरू झालं. जरा दम धर." त्यांनी जरा दम धरला, आणि तो जरा दम त्यांना चांगलाच महागात पडला.

सायली आली तेव्हा विमलबाई रांजणाजवळ बसून तोंडावर पाणी मारत होत्या. तोंड टोमॅटोसारखं लाल, डोळ्यांखाली सूज, एका गालावर बारीक फोड. सायलीनं रिकामी कुंडी बघितली, किसणी बघितली, सासऱ्याकडं बघितलं आणि गाडीची किल्ली उचलली. स्कूटीवर मागं सासूला बसवून थेट कड्याला दवाखान्यात. मागून मोटारसायकलवर सुंदरराव.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, "ओल्या मुळीचा रस कातडी जाळतो. वाळली की तो तिखटपणा जातो. हे मलम लावा, बाकी काही लावायचं नाही, लिंबू तर नाहीच. आठ-दहा दिवसांत सालं निघतील. डाग राहणार नाही."

"तीन दिवसांनी मतदान हाय," सुंदरराव दारातून म्हणाले. "तवर बरं दिसंल का?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते पायातल्या चपलेकडं बघायला लागले.

घरी आल्यावर सुंदररावांनी नवा बेत सांगितला. उमेदवाराला ताप आला आहे असं जाहीर करायचं. उद्या दुपारी मारुतीच्या पारावर शेवटची सभा, तिथं तेच बोलतील. विमलबाईंनी मतदानाच्या दिवशी फक्त पदर ओढून जायचं आणि बटण दाबून यायचं. ऊसतोडीला गेलेल्या माणसांना आणायला दोन गाड्या सांगितल्यात, ते तर थांब्यावर उतरले की फोटोच बघणार. "तू न्हाई दिसली तर उलट बरंच हाय. फ्लेक्स हाय की उभा."

विमलबाईंनी मलम लावलेलं तोंड वर केलं. दिवसभरात या घरात सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं होतं. कुणी मतांचं बोललं, कुणी फोटोचं बोललं, भावकीतला एक जण तर 'शिलाई मशीन लाल झालं' असा विनोद करून गेला. किती दुखतंय हे सायलीशिवाय कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी रिक्षावरचा भोंगा गल्लीतून फिरत होता. 'आपल्या लाडक्या विमलताई आपल्या भेटीला.' विमलताई आत माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि भोंगा ऐकत होत्या. त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं. निवडून आली तर ती फ्लेक्सवरची बाई येणार. सरपंच होणार तीच. तिला तोंड नाही, जीभ नाही, हापशाचं काही ठाऊक नाही, ती खुर्चीवरून नवऱ्याला 'सरका' म्हणणार नाही. सुंदररावांना अशीच बाई हवी होती. आणि पडली, तर सगळं गाव म्हणणार, विमलच्या मायेपोटी आम्ही त्या बयेला पाडलं. दोन्हीकडून विमल कुठंच नाही.

त्यांनी लुगड्याचा पदर खोचला. "सायली, माझ्या चपला कुटं हायत?"

"आत्याबाई, डॉक्टरांनी ऊन नको म्हनलंय."

"छत्री घे."

सायलीनं छत्री घेतली. तिला बहुधा हेच हवं होतं, कारण छत्री तिनं आधीच दाराशी आणून ठेवली होती.

पाराला जायची जवळची वाट सोडून विमलबाई ओढा ओलांडून वस्तीवर गेल्या. सरस्वतीबाई सभेला निघायच्या तयारीत होती, सुनिता तिच्या पायात वहाण चढवत होती. समोर लाल, सुजलेलं, मलमानं चकाकणारं तोंड बघून दोघी दचकल्या.

"अगं बाई! मारलं का त्यानं तुला?"

"न्हाई काकू. मीच लावून घेतलं." आणि विमलबाईंनी सगळं सांगितलं. फिल्टर काय असतो ते, सवतीची बातमी, सहाण, कुंडी, किसणी, लिंबू. "सवत असती तर तिच्या तोंडाला फासलं असतं. स्वतःच्या कशाला फासलं असतं? ती फोटूतली मीच व्हते काकू. तिच्यासारखं दिसावं म्हून एवढं भोगलं."

सरस्वतीबाईनं विमलबाईंची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मग एकदम तिचं बोळकं उघडलं आणि ती हसायला लागली. "मी लगीन झाल्यावर गोरं व्हायला बिब्बा घातलता. म्हैनाभर तोंड झाकून दळायला बसले. सासू म्हनायची, सून आली का भूत आलं?"

मग काय, दारादारातनं बायका निघायला लागल्या. कुणी चुना लावला होता, कुणी बाजारातलं मलम आणि त्यानं कातडं सुटलं होतं, कुणाच्या नणंदेनं लग्नाआधी कपडे धुवायची पावडर लावली होती. प्रत्येकीकडं एक गोष्ट होती आणि इतकी वर्षं ती कुणी कुणाला सांगितली नव्हती. पाराकडं निघाल्या तेव्हा मध्ये छत्रीखाली विमलबाई आणि भोवती सगळी वस्ती. वाटेत गावातल्या बायका मिळाल्या. हसण्याचा आवाज भोंग्याच्या वर जात होता.

पारावर सुंदरराव बोलत होते. "तर मंडळी, विमलताईंना अचानक ताप आल्यामुळं..." आणि त्यांना समोरून ताप चालत येताना दिसला. सगळं गाव मागं वळून बघायला लागलं.

विमलबाई पायऱ्या चढल्या. माईक त्यांनी कधी धरला नव्हता, तो ओठाला लागला आणि कुई करून ओरडला. त्या जरा मागं सरल्या आणि म्हणाल्या, "राम राम. मी विमल."

त्यांनी माईक पुन्हा ओठाजवळ आणला.

"गावात बातमी हाय, ह्यांनी दुसरी केली. ती खोटी हाय. ह्यांना पहिलीच आजून झेपली न्हाई."

बायकांच्या बाजूनं हशाचा लोट उठला आणि मग पुरुषांना हसावंच लागलं. पानटपरीवाला तर खाली बसला. विमलबाईंना धीर आला. "थांब्यावरची बाई ह्या गावात न्हाई. मी लई शोधली. आरशात शोधली, कुंडीत शोधली. तिला मत देऊ नका, ती तुमचा हापसा दुरुस्त करायला यायची न्हाई. द्यायचं तर मला द्या. मी ही अशी. वांग बी माझा, सालं बी माझीच. अन् निवडून आले तर कचेरीत मी बसंन. मीच. सहीपुरती न्हाई, रोज. वाईट काम केलं तर ह्यांना न्हाई, मला येऊन शिव्या द्या."

गावापुढं त्यांनी नवऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता, आणि सगळं गाव आता सुंदररावांकडं बघत होतं. सुंदररावांचं तोंड त्यांच्यापेक्षा लाल झालं होतं. त्यांनी माईक घेतला. एकदा खाकरले, दोनदा खाकरले.

"ह्या म्हनल्या," ते शेवटी म्हणाले, "ते खरं हाय. समदं."

टाळ्या पहिल्यांदा सरस्वतीबाईनं वाजवल्या.

सभा उठली. सायली छत्री आणि बायकांचा घोळका घेऊन पुढं गेली. उन्हं कलली होती. विमलबाई आणि सुंदरराव मागं राहिले आणि गल्लीनं घराकडं चालायला लागले, तीस वर्षांत पहिल्यांदाच बरोबरीनं. एरवी ते दहा पावलं पुढं असायचे. विमलबाईंना वाटलं, आता हे बोलतील. साहेबांना काय सांगू म्हणतील, गावापुढं माझी इज्जत काढली म्हणतील. उत्तरं त्यांनी मनात तयार ठेवली होती, एकापेक्षा एक झणझणीत.

सुंदरराव पिठाच्या गिरणीपाशी थांबले. फटफटीवरून कुणीतरी 'राम राम' करून गेलं, त्यालाही त्यांनी उत्तर दिलं नाही. ते विमलबाईंच्या तोंडाकडं बघत होते, पण परवा उजेडात उभं करून बघितलं होतं तसं नव्हे.

"इमल," ते म्हणाले, "लई आग झाली का गं?"

विमलबाईंची सगळी उत्तरं गळून गेली. डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि ते गालावरून खाली गेलं तेव्हा सोललेल्या कातडीला चांगलंच झोंबलं.

"झाली," त्या म्हणाल्या. "लई झाली."

"मला वाटलं व्हतं..." सुंदरराव म्हणाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि अवघडल्या हातानं विमलबाईंच्या डोक्यावर, उन्हाच्या बाजूनं, धरलं. ते तसंच धरून ते घरापर्यंत आले. गल्लीतल्या सगळ्यांनी बघितलं.